जावयानं धुवायचे कपडे

वाय्यापाम्पा, मंगळवार ८ जून २००४

फेर्मीन,

तुझा सासरा गेला. रविवारी सकाळी खाटेवर बसून बूट घालत होता, एक घातला, दुसरा राहिला. आज पुरला. पाऊस नाही, ऊन चांगलं होतं, माणसं बरीच आली. त्याच्या बँडवाल्यांनी वाजवलं. चुकत चुकत वाजवलं, कारण सॅक्सोफोन तोच वाजवायचा.

नीलदाला मी दुकानातल्या फोनवरून सांगितलं. सातवा महिना आहे, डॉक्टर घाट चढू नको म्हणाला, ते बरोबरच आहे. तिनं यायचं नाही. ती रडायला लागली तेव्हा मी फोन ठेवला. मागे लोक उभे होते.

आता कामाचं. शुक्रवारी पाचवा दिवस. कपडे नदीवर न्यायचेत. तू याच गावचा आहेस, तुला शिकवायला नको. रक्ताच्या माणसानं हात लावायचा नाही, बायकोनं तर नाहीच, जावयानं नाहीतर सुनेनं धुवायचे. सून मला नाही. जावई एकच आहे.

जास्त नाहीत. शेतातल्या चार विजारी, पाच शर्ट, दोन पोंचो, लोकरीच्या टोप्या, बँडचा काळा सूट, आतले कपडे. चटपट हात चालवला तर दोन तासांचं काम. मी चाळीस वर्षं मास्तरांचे, पाद्र्याचे, बँडवाल्यांचे, सगळ्या गावाचे कपडे धुतले आणि हे एवढे माझ्याच घरात कोपऱ्यात पडलेत. जाता येता पायात येतात.

तू तिकडे लिमात लाँड्रीत कामाला आहेस म्हणे. म्हणजे परक्यांच्या चादरी धुतोस. मग हे काही तुला जड नाही.

पत्र पर्सी ड्रायव्हरकडे देतेय. शुक्रवारी सकाळी ये. बाकीचं नंतर बघू.

एउलोखिया


शनिवार १२ जून

फेर्मीन,

काल सगळे नदीवर आले. तू आला नाहीस.

मी मका उकडला होता, डुकराचं मटण घालून सूप केलं होतं, तीस माणसांचं. माणसं खडकांवर बसली, जेवली, कोकाची पानं चघळली आणि रस्त्याकडे बघत बसली. गाठोडं मध्ये ठेवलं होतं. कुणी हात लावला नाही. कुत्रं एकदा येऊन हुंगून गेलं.

दुपारनंतर शेजारची सोसिमा म्हणाली, "कोमाद्रे, माझा जावई घे. नाहीतरी बसूनच आहे." तो बिचारा बाह्या सरसावून उठलासुद्धा. मी म्हटलं, बाई गं, फावडं उसनं घेतात, बैल उसना घेतात, जावई उसना घेतलेला मी कुठे पाहिला नाही. लोक हसले. मलाही हसायला हवं होतं. तो परत बसला आणि त्यानं आणखी एक वाटी सूप मागितलं.

डॉन मेलितोन प्रार्थना म्हणायला आला होता. ऊन खडकांवरून उतरेपर्यंत तो थांबला. मग म्हणाला की पाचवा चुकला तर महिन्याच्या आत धुतलं तरी चालतं, पण धुवायलाच हवं. न धुता तेओफिलो जायचा नाही. घरातच घुटमळत राहील आणि राहिलेला बूट शोधेल. तो हे असं काही बोलतो. मला त्याचं काही वाटत नाही. पण सांगायचं म्हणून सांगितलं.

आता तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. तू म्हणशील, दोन वर्षांपूर्वी मी त्याच नदीवर आलो होतो, अबिलिओच्या पाचव्याला, आणि सासूबाईंनी गाठोडं माझ्या हातातून ओढून घेतलं, सगळ्या गावासमोर. हो, घेतलं. पुलाच्या अलीकडे पाऊल टाकू नकोस असंही मी म्हणाले. तुझ्या ट्रकमध्ये माझा पोरगा गेला होता. त्याबद्दल मी हे पत्र लिहीत नाहीये.

अबिलिओचे कपडे नंतर धुतले गेले. ते झालं.

तेओफिलोचं सांग. महिना म्हणजे सहा जुलै. कधी येतोस ते एका ओळीत लिही, पाल्हाळ नको.

लोक माझ्या तोंडाकडे बघतात. रडते का बघतात. मला रडू येत नाही. सकाळी उठते, कोंबड्यांना घालते, बटाटे सोलते, दोन माणसांचे सोलते आणि मग दोन माणसांचे खाते.

एउलोखिया


सोमवार २१ जून

फेर्मीन,

तुझं पत्र पोचलं. सुट्टी मिळत नाही, कपडे बसनं पाठवा, लाँड्रीची मालकीण चांगली आहे, रविवारी मशीन रिकामं असतं, मी स्वतः धुतो. एवढंच. आणि मागच्या बाजूला यादी. वाकडं का होईना, पण चांगलं लिहितोस, मला वाचायला पाऊण तासच लागला.

मशीन म्हटल्यावर इथे सगळ्यांची तोंडं वाकडी. सोसिमा म्हणाली मशीनला लावलं तर मशीननं धुतलं, जावयानं कुठे धुतलं? मी विचारलं, बटण कोण दाबणार, मशीन स्वतः का? तेव्हा ती आपली टोपली उचलून निघाली.

पण मेलितोन ऐकेना. त्याचं म्हणणं वेगळं. त्याला म्हणे कोण धुतं याची शंका नाही, पाण्याची शंका आहे. पाणी वाहतं हवं. साचलेल्या पाण्यात मेलेल्याचा कपडा बुडवला तर जे सुटायचं ते सुटत नाही, तिथल्या तिथे फिरत राहतं. मशीन म्हणजे एक पिंप. पिंपातलं पाणी कुठे जातं?

मी म्हटलं मला काय माहीत, मी कधी पाहिलंय? म्हणून दुकानात गेले आणि तुझ्या लाँड्रीला फोन लावला. तू बाहेर गेला होतास. मालकीण होती, म्हातारी चिनी बाई, मोठ्यानं बोलते, मला आवडली. मी विचारलं, बाई, तुमच्या मशीनचं पाणी साचतं की वाहतं? ती हसली नाही. म्हणाली, तीनदा भरतं आणि तीनदा वाहून जातं, नळीतून गटारात, गटारातून नदीत, नदीतून समुद्रात. मी ते तसंच मेलितोनला सांगितलं. त्यानं तोंडात कोकाची नवी पानं घातली. मग म्हणाला, आपली नदी समुद्राला पोचायला सगळं जंगल ओलांडते, हे तर जवळच्या रस्त्यानं गेलं. चालेल.

तेव्हा मशीन चालतं. झालं.

आता तुझी यादी. पांढरे साठावर, रंगीत चाळीसवर, काळे थंड पाण्यात उलटे करून, लोकर थंड पाण्यात आणि मशीन नुसतं हलवायचं, पिळायचं नाही. बरं आहे. पण पाण्याला आकडा कशाला लागतो? हात बुडवून ठेवता आला तर कोमट, ओढून घेतला तर गरम. एवढं कळायला मला कधी काटा लागला नाही.

आणि तुम्ही लोक रंगावरून वेगळं करता. मी आधी मळावरून करते. पांढरं असून स्वच्छ असतं आणि काळं असून घाण असतं, ते दोन्ही काय कामाचं? तर मी अंगणात चार ढीग केले. हातात काठी घेऊन केले, हात लावला नाही, सोसिमा साक्षीला होती. काठीनं शर्ट उचलायचा म्हणजे मासे धरल्यासारखं. ती म्हणाली, "अगं तुझा नवराच होता, चावणार नाही." मी म्हटलं, जिवंत होता तेव्हा तरी कुठे चावला.

पहिलं पोतं, शेतातल्या विजारी. त्या आधी वाळवून झटक, गुडघ्यात अर्धं शेत आहे. माती ओली केलीस की चिखल होतो आणि मशीनभर होतो. दुसरं, शर्ट. त्यातल्या तीन शर्टांवर छातीशी हिरवा डाग आहे, सॅक्सोफोन घासून घासून पडलाय. त्याला लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेव, मग धू. लिमात ऊन नाही असं नीलदा म्हणायची. मग दिव्याखाली ठेव, मला काय. तिसरं लोकरीचं. लाल काठाचा पोंचो एकटा धू, तो मी स्वतः रंगवलाय आणि तो रंग सोडतो. पंचवीस वर्षं सोडतोय. आणि लोकर पिळू नकोस, घोंगडीत गुंडाळून वर उभा राहा, पाणी घोंगडी पिते. हे तुझ्या मशीनला येत नाही.

सूट चौथ्या पोत्यात, एकटाच. त्याच्या आत चिठ्ठी शिवलीय, तिच्यावर पाण्याचं भांडं काढून वर फुली मारलीय. तुझ्या यादीप्रमाणे याचा अर्थ पाण्यात घालायचाच नाही, ओल्या फडक्यानं पुसायचा. पाण्यात घालायचा नाही असा कपडा माणूस विकत कशाला घेतो? पुसणं म्हणजे धुणं होतं का, हे मेलितोनला विचारलं नाही. एका महिन्यात त्याला एकच प्रश्न पुरे.

पोती तयार आहेत. पर्सीची गाडी दुरुस्तीला गेलीय, तो आला की त्याच्याबरोबर पाठवते. दुसऱ्या ड्रायव्हरवर माझा भरवसा नाही, तो कोंबड्यांच्या पाट्यांखाली सामान टाकतो.

एउलोखिया


रविवार २७ जून

फेर्मीन,

पर्सी आला. पोती टपावर चढवायला म्हणून दारात उभा राहिला आणि चढवीना. टोपी हातात घेऊन उभा. मी म्हटलं काय रे, पैसे आगाऊ पाहिजेत? तो म्हणाला, नाही मामी, एक सांगायचंय, फेर्मीननं सांगू नको म्हटलंय. पर्सीच्या पोटात काही राहतं का? त्याच्या बायकोला आपण गरोदर आहोत हे कळायच्या आधी बाजाराला कळलं होतं.

तर तू आला होतास. अकरा तारखेला, शुक्रवारी सकाळी, त्याच्याच गाडीनं. पुलाच्या पलीकडे उतरलास. चांगला शर्ट घातला होतास, हातात साबणाची पिशवी होती. दुपारी तो परत निघाला तेव्हा तिथेच कठड्याला टेकून उभा होतास. म्हणालास, चल.

पुलावरून नदीचं ते वळण दिसतं. म्हणजे तुला आम्ही दिसत होतो. सूप, माणसं, मधलं गाठोडं, सगळं.

मी पर्सीला विचारलं, मग खाली का नाही आला? तो माझ्याकडे असा बघत राहिला की मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. म्हणाला, मामी, पुलाच्या अलीकडे यायचं नाही असं तुम्हीच सांगितलं होतं ना त्याला.

ते खरं आहे. पत्रात मी ये म्हटलं. पण पुलाचं ते परत घेतलं नव्हतं.

पोती मी घरातच ठेवून घेतली. पर्सी गेला. मी दोन दिवस काही केलं नाही. म्हणजे कोंबड्या, बटाटे, ते केलं.

आता मी तीन गोष्टी लिहिते, एकदाच. पुन्हा विचारू नकोस आणि उत्तरही देऊ नकोस.

पहिली. पोलिसांचा कागद. तुझ्या ट्रकच्या अपघाताचा पंचनामा त्यांनी तेओफिलोच्या हातात दिला होता, त्याला वाचता येत नव्हतं, त्यानं मला दिला. मी तीन इयत्ता शिकलेय. अक्षर अक्षर लावत वाचला. त्यात लिहिलं होतं की डोंगरावरून दगड आला आणि अबिलिओच्या बाजूला पडला, गाडी हळू होती, ड्रायव्हरची चूक नाही. हे मी पाचव्याच्या आदल्या दिवशी वाचलं. तेओफिलोला म्हटलं काही नीट लिहिलेलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी नदीवर तुझ्या हातातून गाठोडं ओढलं. दगडाला काय करणार होते? तू समोर होतास.

तेओफिलो पुढे कधीकधी म्हणायचा, पोराला पत्र लिही, नीलदासाठी तरी लिही. मी म्हणायची, उद्या. त्याला लिहिता येत नव्हतं.

दुसरी. अबिलिओचे कपडे धुतले गेले असं मी लिहिलं, ते खोटं आहे. तुला हाकलल्यावर लोक गेले आणि गाठोडं मी घरी आणलं. धुवायला बसले, माझे हात, आयुष्यभर कपडे धुतलेले, आणि पाण्यापर्यंत गेले नाहीत. रीत म्हणून नाही. नुसतेच गेले नाहीत. ते गाठोडं बटाट्याच्या कोठीत मागे आहे. तेओफिलोला माहीत होतं. तो बटाटे काढायला गेला की त्याला वळसा घालायचा.

तिसरी नंतर.

तेव्हा पोती आता पाच आहेत. पाचव्यात अबिलिओची जीनची विजार, पिवळा शर्ट, बनियन, मोजे. हे तुझ्या यादीत बसत नाहीत. यादीत तू पांढरे साठावर, रंगीत चाळीसवर लिहिलंस. हे चाळीसवर नाही, तीसवरही नाही. नळाचं जसं येतं तसं गार पाणी. गरम पाण्यानं रक्त शिजतं आणि कायमचं बसतं, हे तुला ठाऊक असेल, पण तरी लिहिते. आधी रात्रभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेव, पाणी लाल झालं की ओतून दे, परत भर. दोन वर्षांचं आहे, ते एका पाण्यात सुटायचं नाही. मग मशीनमध्ये सगळ्यात लांब चालणारं जे असेल ते लाव. डाग राहिला तर राहू दे. घासत बसू नकोस. पिवळा रंग जाईल.

मेलितोनला मी सांगितलं. मला वाटलं ओरडेल. तो म्हणाला, दोन वर्षं उशीर म्हणजे उशीर, पण महिना तेओफिलोचा चालू आहे, त्याच्याबरोबर जाईल, बाप हात धरून नेईल. म्हातारा आहे, काहीही बोलतो. पण मी कोठीचं दार त्या दिवशी उघडं ठेवलं.

एउलोखिया


गुरुवार १ जुलै

फेर्मीन,

हे पत्र पर्सी माझ्याबरोबरच आणतोय, म्हणजे ते तुझ्या हातात आणि मी तुझ्यासमोर. तरी लिहिते, कारण समोर आल्यावर मी दुसरंच काहीतरी बोलेन. नीलदा किती सुजलीय, घरात पंखा का नाही, असलं.

पोती एकटी पाठवणार नाही. धुताना घरच्यांनी काठावर बसायचं असतं. इथे तीस जण बसले होते, तिकडे मी एकटी बसते. मालकीणबाईला फोन केला. म्हणाली मशीनला पुढे काच आहे, आतलं सगळं दिसतं, मी खुर्ची टाकते. तिला म्हटलं खुर्ची नको, बादली उपडी घातली तरी चालेल.

मी कशालाही हात लावणार नाही. हा आकडा चुकला, तो चुकला, असंही म्हणणार नाही. म्हटलंच तर मला बाहेर बसव.

कोंबड्या सोसिमाकडे दिल्यात. दोनच आठवडे म्हणून दिल्यात. नीलदाचं व्हायला दीड महिना आहे, तोवर राहीन असं मी कुणाला सांगितलेलं नाही.

तुझ्यासाठी पुलाचं ते मी परत घेतलं. काल संध्याकाळी पुलावर जाऊन घेतलं. एकटी होते, पण मोठ्यानं बोलले. गुरं नेणारी बाई थांबून बघत होती.

आता तिसरी गोष्ट. अबिलिओच्या गाठोड्यात तुझं निळं जाकीट होतं. तू त्याच्या डोक्याला गुंडाळलं होतंस आणि त्याला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आणलं होतंस, हे मला त्याच दिवशी दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं होतं. ते जाकीट मी त्या गाठोड्यात राहू दिलं. दोन वर्षं.

परवा ढीग करताना ते वेगळं काढलं. जिवंत माणसाचं कापड मेलेल्यांच्यात मिसळायचं नसतं. आणि जिवंत माणसाचं असल्यामुळे ते मला धुता येतं. नदीवर नेलं, गार पाणी, मीठ, तीनदा बुडवलं, काल दिवसभर दोरीवर होतं. अस्तर साफ निघालं. कॉलरला थोडं राहिलंय, ते निघत नाही.

घाटात थंडी असते. माझी शाल नीलदाच्या बाळासाठी म्हणून सामानात तळाशी ठेवलीय. म्हणून ते अंगात घालून येतेय. बाह्या लांब होतात, दुमडल्यात. स्टँडवर पोचले की काढून देते.

एउलोखिया